पाचोळ्याच्या पोटातला निखारा

मी एक जुना पाचोळ्याचा खड्डा आहे आणि मला आगीची फार भीती वाटते. हसू नका, मित्रांनो. ज्याच्या पोटात वर्षभराचा वाळका पाला भरलेला असतो, त्याने आगीला नाही घाबरायचे तर कोणाला घाबरायचे? शिवाय एकदा ती आग माझ्याच पोटात शिरली होती. ती गोष्ट सांगायची म्हटले तरी माझ्या कडेची माती आजही सुटते.

फर्गाना खोऱ्यात आमचा तुतजोर मोहल्ला आहे. घर तिथे अंगण आणि अंगण तिथे तुती, जर्दाळू आणि द्राक्षाचा मांडव. शरद ऋतू आला की इतकी पाने गळतात, की माणसाचा पाय घोट्यापर्यंत बुडतो. माझ्या जन्माआधी ही पाने झाडून जागोजागी ढीग करत आणि पेटवून देत. खोऱ्यात वारा नसतो. धूर गल्लीतच बसून राही आणि सगळा मोहल्ला खोकत असे. टोप्या शिवणाऱ्या इनोबत आपांचा नवरा मुळातच छातीने अधू होता. एका शरदात तो त्या धुरात खोकत खोकत अंथरुणाला खिळला, आणि जर्दाळू फुलायच्या आधीच गेला.

पुढच्या शरदात हशरचा दिवस आला. हशर म्हणजे सगळ्यांनी मिळून मोहल्ल्याचे काम करायचे आणि मग एकाच कढईतला पुलाव खायचा. फावडी घेऊन जमलेल्या पुरुषांसमोर इनोबत आपा उभ्या राहिल्या. "यंदा एक पान जाळायचं नाही," त्या म्हणाल्या. "इथे खड्डा खणा. पानं त्यात कुजवू."

"पानं पुरून काय उगवणार आपा, पानांचं झाड?" तुर्गुन अकाने विचारले. अका म्हणजे आमच्याकडे दादा. हा मोहल्ल्यातला सगळ्यात बोलभांड माणूस.

"तुझ्या डोक्यावर उगवलं तर बरं होईल. टक्कल तरी झाकेल!"

सगळे हसले आणि हसता हसता खणू लागले. असा मी जन्मलो. पाटाच्या काठाला, मुतबर आपांच्या घरामागे. तीन बाजूंनी मला कच्च्या विटांची भिंत घातली. चौथ्या बाजूला मुतबर आपांच्या घराची मागची भिंत आयतीच होती. तेवढ्याच विटा वाचल्या म्हणून सगळे खूश झाले. एका घराच्या भिंतीला मी असा चिकटलो, यात काही वावगे आहे असे कोणाच्याच मनात आले नाही.

ती पहिली वर्षे काय सांगू, मित्रांनो! लोक मला पाने देत, छाटलेल्या द्राक्षवेली देत, कलिंगडाच्या साली आणि मेंढ्यांच्या लेंड्या देत. इनोबत आपा पाटातून बादली भरून माझ्यावर ओतत आणि दाताळ्याने मला खालीवर करत. ओल्या पाल्याला कुजताना स्वतःची ऊब येते. थंडीत माझ्या अंगातून वाफ निघे. "खड्डा श्वास घेतोय," असे लोक म्हणत आणि दुसऱ्या मोहल्ल्यातून पाहुणे मला बघायला येत. नवरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, आधी मी काळी, भुसभुशीत माती देई. घरटी एक हातगाडी भरून जाई. तुर्गुन अकाचे टोमॅटो मुठीएवढे झाले, तेव्हापासून हा खड्डा आपल्याच डोक्यातून निघाला असे तो सांगू लागला.

पण कौतुक करणारी माणसे कामाला येतातच असे नाही. इनोबत आपांचे गुडघे धरले आणि त्यांचे येणे कमी झाले. बाकीच्यांना वाटे, खड्ड्याचे काम खड्डा करतोच आहे. ते येत, टोपली उलटी करत आणि निघून जात. त्या वर्षी शरदात पाऊस पडला नाही. कापूस वेचून झाल्यावर दरवर्षीप्रमाणे पाटाचे पाणीही बंद झाले. माझ्यात पानांचे थर चढत गेले आणि मी तळापर्यंत कोरडा ठणठणीत झालो. पाणी मागावे तर मला तोंड होते, जीभ नव्हती.

त्याच दिवसांत भिंतीपलीकडच्या खोलीत एक बाळ जन्मले.

मुतबर आपांचा हा पहिला नातू. नाव ठेवले इस्कंदर. त्याची आई झुलेखा जेमतेम विशीची होती, डोंगराकडच्या गावातून सून होऊन आलेली. मुतबर आपांनी घरात कडक शिस्त लावली. चाळीस दिवस बाळ उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही, परक्याची नजर पडू द्यायची नाही. खिडकीच्या फटीत त्यांनी लोकरीचा नमदा कोंबला. रोज दिवे लागायच्या वेळी लोखंडी तव्यात निखारे घेऊन त्यावर त्या वाळलेल्या इसिरिकच्या काड्या टाकत आणि बाळबाळंतिणीला धुरी देत. इसिरिक आमच्याकडे दृष्टीवरचा हुकमी उपाय. त्याचा कडवट वास भिंतीतून माझ्यापर्यंत येई.

आता ती राख कोणाच्या पायाखाली येता कामा नये, अशी रीत आहे. पायाखाली आली तर काढलेली दृष्ट परत घरात येते. इतकी वर्षे बायका ती पाटाच्या वाहत्या पाण्यात सोडत. पण पाट तर कोरडा पडला होता आणि त्यातून लोक ये-जा करत होते. मुतबर आपा तवा हातात धरून जरा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. माझ्यात कोणी पाय ठेवत नाही!

"बिस्मिल्ला," म्हणत त्यांनी तवा माझ्यावर उलटा केला आणि वरून मूठभर पाने पसरली. अगदी मनोभावे केले त्यांनी ते. रोज करत राहिल्या.

एका संध्याकाळी त्या राखेत एक निखारा जिवंत होता.

तो जर वरच भडकला असता तर कोणीतरी धावून आले असते. पण तो खाली घसरला. पानांच्या थरांतून खोल खोल गेला आणि तिथे ज्वाळा न करता धुमसू लागला. मित्रांनो, आपल्या पोटात काहीतरी आपल्याला खात आहे आणि ते कोणाला सांगता येत नाही, याहून भयंकर काही नसते. सकाळी माझ्यातून धूर निघाला. मला वाटले, सुटलो! आता कोणीतरी बघेल.

तुर्गुन अकाने बघितले. "वा! यंदा लवकरच वाफ धरली की!" तो बायकोला म्हणाला. "बघ, पाणी नाही, काही नाही, तरी कसा झकास चाललाय."

"तुमच्यासारखाच. काही न करता नुसता धूर," ती म्हणाली आणि दोघे हसत निघून गेले.

आग भिंतीकडे सरकत होती. कच्च्या विटा तापू लागल्या. पलीकडे झुलेखाने सासूला हाक मारली, "ओयी, ही भिंत किती ऊबदार झाली आहे! पाळणा इकडे घेऊ का?"

"घे की, केलिन. माझ्या नातवाचा पायगुणच तसा!" मुतबर आपा सुनेला म्हणाल्या.

आमच्याकडचा पाळणा झुलत नाही, त्याला पाय असतात. बाळाला त्यात हातापायांवरून पट्टे बांधून निजवतात. मी त्याचे पाय फरशीवरून सरकल्याचा आवाज ऐकला. तो अगदी माझ्याजवळ येऊन थांबला. मधे फक्त ती भिंत होती, आणि त्या भिंतीत जुन्या भेगा होत्या. माझा धूर त्या भेगांतून आत जाऊ लागला. मी श्वास आवरायला बघत होतो. पण तो माझा श्वास राहिलाच नव्हता.

झुलेखाचे डोके दुखू लागले. मळमळू लागले. "दृष्टच लागली," मुतबर आपांनी निदान केले आणि धुरी दुप्पट केली. त्या कडवट वासापुढे माझा धूर कोणाला कळणार! दुप्पट राखही मग माझ्यातच आली. मी भीतीने सुन्न झालो. जे प्रेमाने चालले होते, तेच त्या पोराचा जीव घेत होते.

बाळ आधी तारस्वरात रडे. आता ते कमी रडू लागले. मग नुसते कण्हू लागले. "किती शांत मूल! आईला त्रास म्हणून नाही," असे भिंतीपलीकडे कोणीतरी म्हणाले. मला ओरडावेसे वाटले, की बायांनो, ते शांत नाही!

दुसऱ्या दिवशी दुपारी झुलेखा अंगणापलीकडच्या चुलीकडे गेली आणि परत आली. दारातच ती थबकली असावी, कारण तिचा आवाज तिथूनच आला. "ओयी, बाहेर गेलं की माझं डोकं उतरतं. आत आलं की पुन्हा चढतं."

"बाळंतिणीला असं होतंच."

"पण मी बाहेर तरी जाते. हा कधी जातो?"

झुलेखा पाळण्यापाशी आली. तिने बाळाला हाक मारली. पुन्हा मारली. मग पट्ट्यांच्या गाठी ओढल्याचा आवाज आला. एक गाठ सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी तोडली.

"अगं ए! कुठे निघालीस?" मुतबर आपा किंचाळल्या. "चाळीस दिवस व्हायचेत! माझ्या नातवाला काही झालं तर तुला या घरात—"

"मला हाकलून द्या, ओयी. आधी बाजूला व्हा."

सासूसमोर मान वर न करणारी ती पोर बाळाला घेऊन अंगणात धावली. थंडी कडाक्याची होती. तिने त्याचे दुपटे सोडले, तळव्यांवर चापट्या मारल्या, तोंडावर फुंकर घातली. मी धुमसायचे विसरलो असेन. आणि मग इस्कंदर रडला. आधी बारीक, मग असा भोकाड पसरून, की गल्लीतली दारे उघडली.

रडणे ऐकून इनोबत आपा काठी टेकत आल्या. झुलेखाने भिंतीकडे बोट दाखवले. त्या घरामागे माझ्यापाशी आल्या, विटांवर तळवा ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. "मुतबर, ही भिंत चुलीसारखी तापली आहे!"

तुर्गुन अकाने दाताळे उचलले. "उकरू नकोस!" आपा ओरडल्या, पण त्याने तोवर माझे पोट उघडले होते. हवा आत शिरली आणि मी भडकलो. ज्वाळा छपराच्या कडेपर्यंत गेल्या. पाटात पाणी नव्हते. तेव्हा द्राक्षवेली थंडीत झाकायला प्रत्येक अंगणात जी माती ओढून ठेवली होती, ती लोकांनी आणली. बादल्यांतून, टोपल्यांतून, झग्यांच्या ओच्यांतून. ती माती माझ्यावर पडत होती आणि मी मनात म्हणत होतो, आणखी टाका, मला गाडा, पण हे थांबवा.

आग विझली. त्या घराची मागची भिंत मात्र आतल्या बाजूला कोसळली. लोकांनी आत डोकावून पाहिले. रिकाम्या पाळण्यावर विटांचा ढीग पडला होता.

संध्याकाळच्या आत मोहल्ल्याची सभा बसली. तुर्गुन अका तावातावाने बोलत होता. "हा उकिरडा दगडांनी बुजवा! इनोबत आपा, तुमच्या हट्टापायी आज पोर गेलं असतं. आम्ही आपली पानं जाळत होतो, ते काय वाईट होतं?"

इनोबत आपा मान खाली घालून उभ्या होत्या. ज्या आगीने नवरा नेला, तिचाच आळ त्यांच्यावर आला होता. आणि मला त्या क्षणी दगडांचे भय वाटले नाही. त्यांना पुन्हा त्या धुरात राहावे लागेल, याचे वाटले.

तेवढ्यात मुतबर आपा पुढे आल्या. त्यांच्या हातात तो लोखंडी तवा होता. "तिला काय बोलतोस?" त्या म्हणाल्या. "निखारा माझा होता. रोज मीच टाकत होते. माझ्या नातवाची दृष्ट काढत होते मी." मग त्या मटकन खाली बसल्या आणि मोठ्याने रडू लागल्या. झुलेखा बाळाला घेऊन त्यांच्याजवळ गेली आणि बाळ तिने त्यांच्या मांडीवर ठेवले.

मला बुजवले नाही. पुढच्या हशरला सगळ्यांनी मला घरांपासून दूर, मोकळ्या जागी नव्याने बांधले. यावेळी चौथी भिंत माझी स्वतःची होती. राखेसाठी शेजारी पाण्याचा एक रांजण पुरला आहे. पाट बंद झाला की विहिरीचे पाणी मला पाळीपाळीने मिळते. तरी माझी भीती गेलेली नाही. पहिली वाफ निघाली की मी आजही घाबरतो, की ही वाफच आहे ना?

तेव्हा मुतबर आपा येतात. त्याही घाबरलेल्या असतात, हे मला त्यांच्या चालण्यावरून कळते. त्या बाही वर सारतात आणि आपला सुरकुतलेला हात कोपरापर्यंत माझ्या पोटात घालतात. पाला ओला आहे का, ऊब जास्त तर नाही, हे चाचपतात. हात बाहेर काढेपर्यंत त्या श्वास रोखून धरतात, आणि मीही.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही माझा एखादा भाऊ असेल. त्याच्यात पाने टाका, त्याला पाणी द्या. पण लांबून त्याची वाफ बघून वाहवा करू नका. जवळ जा आणि त्याच्यात हात घालून बघा.