लिंक फक्त ओळखीतल्यांना

मुलींच्या स्काउट पथकाच्या कुकी विक्रीचे नियम वाचून दाखवताना पथकप्रमुख कॉरीनचा आवाज दरवर्षी असाच कंटाळलेला असायचा, आणि चर्चच्या तळघरात बसलेल्या आया दरवर्षी तशाच कॉफी ढवळत बसायच्या. मुलीचं फक्त पहिलं नाव सांगायचं. घर, शाळा, रस्ता, काही सांगायचं नाही. ऑनलाइन विक्रीची लिंक फक्त ओळखीतल्यांना पाठवायची, गावाच्या फेसबुक पानावर टाकायची नाही.

"मग विकायचं कुणाला, आमच्या मांजराला?" एक आई म्हणाली.

"तुझं मांजर तरी पैसे वेळेवर देईल," कॉरीन म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मार्नी हसली नाही. अख्ख्या गावात हे नियम मनापासून आवडणारी ती एकटीच असावी. ट्रूडीला या पथकात घातलं तेच मुळी या नियमांकडे बघून. जिथे मुलीचं आडनाव कुणी विचारत नाही, तिथेच तिला मुलीचा हात सोडणं जमलं होतं. ट्रूडी हे नावही मार्नीनेच नंतर ठेवलेलं. त्याआधीचं नाव पोरीला आठवत नव्हतं, आणि मार्नी ते मनातसुद्धा उच्चारत नसे.

नवऱ्याचं, डॅरिलचं, घर सोडलं तेव्हा पोर तीन वर्षांची होती. डॅरिलने दोनदा शोधून काढलं होतं. एकदा, त्याने जवळ यायचं नाही असा कोर्टाचा आदेश मार्नीच्या हातात असताना, तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, हा कागद वाचून दाखव की मला. तेव्हापासून मार्नी ताकही फुंकून पीत होती. गाडीची टाकी कधी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, डिकीत भरलेली बॅग असायची, आणि घर असं घ्यायचं की जिन्यावर कुणी चढलं की कळलं पाहिजे. सगळं लपवता येत होतं, पण ट्रूडीची हनुवटी लपवता येत नव्हती. मधोमध खळी पडलेली ती हनुवटी थेट डॅरिलच्या घराण्याची, त्याच्या आईची. तिच्याकडे बघून प्रेम यायचं आणि भीतीही वाटायची.

इथे, उत्तर विस्कॉन्सिनमधल्या या गारठलेल्या गावात, दोन हिवाळे सुखाचे गेले. वेंडेल म्हाताऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानावरची जागा भाड्याने मिळाली. वेंडेल विधुर, बोलायला कमी, चौकशा शून्य. ट्रूडी शाळेतून आली की त्याच्या गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसून स्क्रू निवडत बसायची. यंदा लिंक पाठवायची वेळ आली तेव्हा ओळखीतले म्हणून मार्नीकडे मोजून चार माणसं होती. त्यातला एक वेंडेल.

तो दातांच्या दवाखान्यातला मंगळवार होता. मार्नी तिथे रुग्णांचे फोन घ्यायची. दाढ भरून घ्यायला आलेली बाई कोट काढता काढता म्हणाली, "तुमची ट्रूडी भारी गाजतेय हो. आमच्या बहिणीने तिकडे आयोवातून मागवल्या कुकीज."

मार्नीने फोन उघडला. गावाच्या पानावरच्या फोटोत ट्रूडी दुकानाच्या पायरीवर उभी होती, पथकाचं जाकीट घालून, हनुवटी वर करून. खाली वेंडेलने लिहिलं होतं: ही माझ्या दुकानाच्या वर राहते. आई एकटीने वाढवते तिला. उन्हाळी शिबिराला जायचंय पोरीला, होडी चालवायला शिकायचंय. कुकीज घ्या आणि तिचं मन राखा. शनिवारी किराणा दुकानासमोर टेबल लावणार आहे. खाली लिंक. त्याखाली गावाचं नाव, राज्याचं नाव, आणि लाल बदामांच्या चिन्हांची रांग. लोकांनी ते पुढे पाठवलं होतं, त्यांच्या नातेवाइकांनी त्याहून पुढे. कौतुकच कौतुक. भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात, ते असं.

ती कोट न घालता दुकानात गेली.

"वेंडेल, ते काढा. आत्ताच्या आत्ता."

"का गं? चांगल्या विकल्या जातायत की." म्हाताऱ्याचा चेहरा खुलला होता. "मला पोस्ट टाकायला त्या पोरीनेच शिकवलं."

"तिच्या बापापासून लपून राहतोय आम्ही."

हातातली खिळ्यांची पुडी वेंडेलने काउंटरवर ठेवली, ती कलंडली, खिळे पसरले, तरी त्याने ते गोळा केले नाहीत. "मी विचारलं नाही कधी," तो म्हणाला. "म्हटलं, बरं दिसत नाही विचारणं."

"मीही सांगितलं नाही."

पोस्ट काढायलासुद्धा त्याला धड येईना. मार्नीनेच त्याच्या हातातून फोन घेऊन ती काढली. पण लोकांनी पुढे पाठवलेले फोटो कोण काढणार? संध्याकाळी कॉरीनने ट्रूडीचं ऑनलाइन विक्रीचं पान बंद केलं. नियम मोडला म्हणून ती ओरडेल असं मार्नीला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "हे नियम मी दरवर्षी वाचते, आणि का आहेत ते कधी सांगत नाही. चूक माझीही आहे." मग ती ट्रूडीची समजूत घालायला गेली, कारण पान का बंद झालं म्हणून ट्रूडीने रडून घर डोक्यावर घेतलं होतं.

त्या आठवड्यात जिन्यावर पाऊल वाजलं की मार्नी हातातलं टाकून उभी राहायची. खाली पिकअप ट्रक थांबला की पडद्याआडून बघायची, आणि प्रत्येक पिकअप डॅरिलचाच वाटायचा. वेंडेल आता दिवसभर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचा. पंचाहत्तरीचा म्हातारा, गुडघे गेलेले, तो काय कुणाला अडवणार? पण त्याला उठा म्हणायचं धैर्य तिला झालं नाही.

शुक्रवारी तिने ठरवलं. जायचं. शनिवारी टेबलावरूनच परस्पर निघायचं. चार बायका आणि गर्दी असलेली ती जागा रिकाम्या घरापेक्षा बरी. ट्रूडीला सांगायचं गाडीत बसल्यावर, हमरस्त्याला लागल्यावर. मागच्या दोन्ही वेळा तसंच केलं होतं. मागच्या वेळी पोर रडली नव्हती, "माझी गोष्टीची पुस्तकं राहिली," एवढंच म्हणाली होती, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

शनिवारी हाडं गोठवणारी थंडी होती. किराणा दुकानासमोर टेबल लागलं. मुली पाय आपटत, वाफा सोडत ओरडत होत्या. मार्नीने गाडी तोंड रस्त्याकडे करून लावली होती आणि किल्ली मुठीत धरली होती. येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचे आधी ती बूट बघत होती. डॅरिल चालायचा तसं कुणी चालत नव्हतं. बाई येईल हे मात्र तिच्या डोक्यातच नव्हतं.

जुन्या निळ्या कोटातली म्हातारी टेबलापासून दूर, गाड्या ठेवायच्या रांगेपाशी बराच वेळ उभी होती. मार्नीने तिच्याकडे पाहिलं. तीच हनुवटी. डॅरिलची आई, लव्हर्न.

ही तीच बाई होती, जिने दारात आलेल्या पोलिसाला सांगितलं होतं की सून जिन्यावरून पडली. मार्नीचा सुजलेला चेहरा समोर असताना.

मार्नी तिच्या आणि टेबलाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "कुठाय तो?"

"घरी. मी एकटी आलेय." लव्हर्नने दोन्ही हात खिशातून काढून दाखवले, जणू त्यात काही असणार होतं. "बहिणीकडे जाते म्हणून निघाले."

"त्याने पाहिलं का?"

"त्याच्या मावसभावाने फोटो पाठवला त्याला. घेऊन आला माझ्याकडे. म्हणाला, आई, नीट बघ, ही आपली आहे का?"

मार्नीच्या मुठीतली किल्ली तळव्यात रुतली. गाडीपर्यंत किती पावलं आहेत हे तिने मान न वळवता आजमावलं.

"मी चष्मा लावला," लव्हर्न म्हणाली. "बराच वेळ बघितलं. मला तर पहिल्या नजरेतच कळलं होतं गं. पण मी बघत बसले. मग म्हटलं, नाही. ही आपली नाही. आपल्या पोरीचे कान असे नव्हते."

"आणि त्याला पटलं?"

"मी त्याच्यासाठी जन्मभर खोटं बोलले. पोलिसांशी, पाद्र्याशी, तुझ्यासमोरसुद्धा. त्याच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. त्याला कसं कळणार?" तिचे ओठ थंडीने निळे पडले होते. "त्याने फोटो पुसून टाकला माझ्यासमोर. आता ती फोटोतही बघायला मिळणार नाही म्हणून आले. पुन्हा येणार नाही. आले तर त्याला वास लागेल. तू म्हणशील तर तिच्याजवळही जात नाही, इथूनच फिरते."

मार्नीला या बाईची चीड होती, आणि ती चीड आजही तशीच होती. माफ करावं असं तिला मुळीच वाटलं नाही. ती फक्त बाजूला सरकली.

लव्हर्न टेबलाशी गेली. कॉरीनने मार्नीकडे प्रश्नार्थक पाहिलं, मार्नीने होकारार्थी मान हलवली.

"लिंबाच्या घ्या," ट्रूडी पढवल्यासारखी सुरू झाली. "पुदिन्याच्या सगळेच घेतात, पण लिंबाच्या जास्त चांगल्या आहेत. नातवंडं आहेत का तुम्हाला? त्यांना पण आवडतील."

"एक आहे," लव्हर्न म्हणाली. "तिला काय आवडतं ते मला ठाऊक नाही."

"मग लिंबाच्याच."

लव्हर्नने नोट दिली. ट्रूडीने हातमोजे काढून सुटे पैसे नीट परत केले आणि डबा दोन्ही हातांनी पुढे केला. म्हातारीने तो घेतला, तिच्या गार बोटांना ट्रूडीची बोटं लागली. तिने हात लगेच मागे घेतला, जास्त वेळ धरला तर कुणी विचारेल म्हणून.

"थँक यू, मॅम," ट्रूडी म्हणाली. पढवलेलं इथे संपत होतं. पण तिला हे गिऱ्हाईक आवडलं असावं, कारण पुढचं तिने स्वतःच्या मनाचं जोडलं. "पुढच्या वर्षी पण या हं. आम्ही इथेच असतो."

लव्हर्नने डबा छातीशी धरला आणि तिच्या डोक्यावरून मागे उभ्या असलेल्या मार्नीकडे पाहिलं. मार्नीने किल्ली खिशात टाकली.

"हो," मार्नी म्हणाली. "आम्ही इथेच असतो."