वसंतातला कापणीचा सण

पापाकुराच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा कापणीचा सण नोव्हेंबरात असतो. का, तर तिकडे नगरला तो नोव्हेंबरात असतो. इथे न्यूझीलंडमध्ये नोव्हेंबर म्हणजे वसंताची अखेर. परसात सगळं नुकतं कुठे डोकं वर काढत असतं आणि कापायला म्हणाल तर फक्त लॉनवरचं गवत. मंडळीतल्या प्रत्येकाने हे बाळकाका रणभिसेंना एकदा तरी सांगून पाहिलं होतं. बाळकाका सगळ्यांत ज्येष्ठ, त्यामुळे सणाची तारीख त्यांच्या हातात. त्यांचं उत्तर ठरलेलं. "आपले आईबाप तिकडे ज्या रविवारी देवापुढे टोपली ठेवतात, त्याच रविवारी आपणही ठेवायची. ऋतूचं देव बघून घेईल." मग लोक जवळच्या पापाटोएटोच्या देशी दुकानांतून भेंडी आणि आंबे आणायचे आणि स्वतः घाम गाळून पिकवल्यासारखे वेदीपुढे मांडायचे.

सुखदाला दरवर्षी याचं हसू यायचं. यंदा येत नव्हतं.

तिच्या छातीत हाताला गाठ लागली होती. डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली. तपासणीसाठी तुकडा काढून झाला होता आणि रिपोर्ट सणानंतरच्या बुधवारी मिळणार होता. सुखदा स्वतः नर्स. 'काळजी करू नका' हे वाक्य दिवसभर दुसऱ्यांना वाटत फिरायची. आता तेच वाक्य रणजितने, म्हणजे नवऱ्याने, तिला ऐकवलं तेव्हा ती त्याच्यावर खेकसली होती.

घरात हे फक्त रणजितला ठाऊक होतं. सासूबाई, शांताबाई, नगरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना सांगायचं नाही असं तिनेच बजावलं होतं. त्यांना सांगणं म्हणजे नगरच्या अख्ख्या महिला मंडळाला सांगणं. संध्याकाळच्या आत घरोघरी पाळीपाळीने साखळी प्रार्थना सुरू झाली असती आणि कुठल्या तरी मावशीने फोनवर रडत विचारलं असतं, "पोरी, किती दिवस सांगितलेत गं?"

रोज जेवणाआधी घरात प्रार्थना व्हायची. ती शांताबाई करायच्या आणि आमटी निवेपर्यंत करायच्या. नगरच्या गल्लीतली माणसं, त्यांची जुळता जुळता राहिलेली लग्नं, गुडघे, एकदा तर कुणाची गाभण म्हैससुद्धा. सुखदा शेवटी आमेन म्हणायची. पण एकटीने डोळे मिटले की तिला काही सुचत नव्हतं. 'देवबापा' म्हटलं की पुढे थेट टक्केवारीच सुरू व्हायची. कुठल्या टप्प्यावर किती जगतात, काय काय काढावं लागतं. जास्त माहिती असलेल्या माणसाने प्रार्थना करायची तरी कशी?

शनिवारी ती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. शांताबाई खुरपं घेऊन वाफ्यात बसल्या होत्या.

"उद्या सणाला काय न्यायचं गं?"

"भोपळा आणते दुकानातून."

"आणि म्हणायचं काय? प्रभू, दुकानदाराच्या हाताला यश दिलंस, आभार?"

"मग आई, आपल्याकडे आहे काय? टोमॅटोला नुसती फुलं आलीयेत."

"मग तेच ने. आहे ते न्यावं माणसाने." आणि सुनेने हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी एक रोप मुळांसकट उचलून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात लावलंसुद्धा.

रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये भोपळ्या-आंब्यांच्या रांगेत तो डबा अगदीच केविलवाणा दिसत होता. "वहिनी, लावणीचा सण आहे होय आज?" मागून कुणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली. प्रत्येक घरातल्या एकाने पुढे येऊन, आपलं अर्पण हातात घेऊन दोन शब्द आभाराचे बोलायचे, ही तिकडचीच रीत. सुखदाने वाक्य तयार ठेवलं होतं, 'प्रभूने वर्षभर सांभाळलं.' डबा उचलून ती माइकपाशी गेली.

"हे टोमॅटोचं रोप आहे," ती म्हणाली. "फळ अजून नाही. येईल की नाही, मला माहीत नाही." आणि तयार वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"माझ्या छातीत गाठ आहे. बुधवारी कळेल कसली ते. मला भीती वाटते. प्रार्थनाही करता येत नाहीये. पण आभार मानायला उभी राहिलेच आहे तर... त्या दिवशी तपासणीची सुई घालताना एका मुलीने माझा हात धरला होता. मी इतक्यांचे हात धरलेत, पण आपला कुणी धरला की काय वाटतं ते ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी आभार. रणजित सकाळी चहा करतो. वाईट करतो, पण मी उठायच्या आत करतो. त्याच्यासाठी आभार. आणि आईंसाठी..."

इथे ती अडली. आपण मंडळीशी बोलतच नव्हतो, हे तिच्या लक्षात आलं. इतके दिवस जी जमत नव्हती ती प्रार्थना हीच, आणि ती झालीसुद्धा होती. भीती काही गेली नव्हती. पण छातीवर ठाण मांडून बसली होती ती उठून जरा बाजूला सरकली होती. श्वास पोटापर्यंत जात होता.

तोवर शांताबाई गुडघ्याला हात लावत पुढे पोचल्या होत्या.

"मला का नाही सांगितलंस गं?" त्या कुजबुजल्या. माइकने ते शेवटच्या रांगेपर्यंत नेलं.

"तुम्ही सगळ्या नगरला सांगितलं असतंत."

"असतंच सांगितलं! मग?"

लोक डोळे पुसता पुसता हसले. शांताबाईंनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. आता अर्धा तास, असं समजून बाळकाकांनी खुर्ची ओढून घेतली. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बापा, हे लेकरू तुझं आहे. सोडू नकोस." संपलं. बाळकाकांना आमेन म्हणायला उशीर झाला.

बुधवारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी "किया ओरा, सुखदा" असा माओरी नमस्कार करून तिघांनाही आत बसवलं, आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. कॅन्सर आहे. लहान आहे, लवकर सापडलाय. ऑपरेशन, मग किरणांची ट्रीटमेंट. रणजितचा हात बर्फासारखा गार पडला. सुखदा तो चोळत राहिली आणि विचारायचे होते ते सगळे प्रश्न तिने एकेक करून विचारले. आवाज आपलाच आहे ना, असं तिला मध्येच वाटून गेलं.

बाहेर बाकावर शांताबाईंनी डोक्यावर पदर घेतला. "प्रार्थना करते."

"मी करते, आई," सुखदा म्हणाली.

येणारी-जाणारी माणसं, व्हीलचेअरची चाकं, या सगळ्यात तिने डोळे मिटले. "देवबापा, लवकर सापडलं म्हणून आभार. डॉक्टरीणबाईंनी खरं सांगितलं म्हणून आभार. ही दोघं शेजारी आहेत म्हणून आभार. आता मागते. मला बरं कर. आणि भीती वाटेल तेव्हा जवळ राहा. वाटणारच आहे. आमेन."

"आमेन," शांताबाई म्हणाल्या आणि त्यांनी नाक पुसलं.

गाडी पार्किंगच्या कुठल्या मजल्यावर लावली ते रणजितला आठवेना. तिघं एकेक मजला हिंडत राहिली. शांताबाई मुलाला बोल लावत होत्या, "एवढी मोठी गाडी हरवतोस कशी रे?" आणि तो चावीचं बटण दाबत दर रांगेत कान देऊन थांबत होता. सुखदा दोघांच्या मागून चालत होती. दुपार उजळली होती, मोकळ्या कठड्यांतून समुद्राकडचा वारा येत होता, आणि गाडी सापडायची तिला काही घाई नव्हती.