कोपऱ्यातली रेघ

"जावईबापूंच्या कपाळाला तडा गेलाय की काय?" असं म्हणत समोरच्या शिंप्याने फोटो काउंटरवर आपटला. "एवढा गोतावळा जमवून उभा केला, आणि काळं नेमकं जावयाच्याच कपाळावर! लेक आता दारात तरी उभं करील का मला?"

स्टुडिओवाल्याने चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांजवळ नेला. त्याचं खरं नाव गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं. आयुष्यभर 'हलू नका, हलू नका' म्हणत आलेला हा माणूस सगळ्यांचा हलूनका होऊन बसला होता. फोटोत मागच्या रांगेच्या उजव्या टोकाला उंचापुरा जावई होता, आणि त्याच्या कपाळावर एक बारीक, वाकडी काळी रेघ.

"कॅमेऱ्यात काहीतरी गेलं असणार," हलूनका पुटपुटला.

"नाचता येईना अंगण वाकडं! औषधवाल्याच्या घरच्या ग्रुप फोटोतही हेच झालं म्हणे. वय झालं आता. सगळ्यांना हलू नका सांगता, आता तुम्हीच जरा हला."

शिंपी मनाचा वाईट नव्हता, पण बोलणं जिव्हारी लागायचं ते लागलंच. फिल्म औषधात सोडताना हलूनकाचा हात हल्ली थरथरायचा. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. हात गेला की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की दोघांनी सकाळी उठून करायचं तरी काय?

मागच्या खोलीत बायको वाळलेले फोटो कापत बसली होती. कॅमेऱ्यात रोल भरायचा, फोटो वाळवायचे, कडा कापायच्या आणि कुठे डाग असला तर ब्लेडच्या टोकाने खरवडून काढायचा, ही तिची कामं. फोटो काढणं आणि धुणं त्याचं. इतकी वर्षं दोघांनी एकमेकांच्या कामात नाक खुपसलं नव्हतं, म्हणूनच संसार सुखाचा झाला असं दोघंही म्हणत.

त्याने निगेटिव्ह काढून उजेडावर धरल्या. रेघ प्रत्येक चौकटीत होती, आणि अगदी त्याच जागी. धुताना हात थरथरला असता तर ओरखडे कुठेही पडले असते. छापताना धूळ बसली असती तर डाग पांढरा उमटला असता. दरवेळी त्याच जागी काळं पडतं, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत, फिल्मच्या अगदी पुढ्यात काहीतरी अडकून बसलंय. दोष हाताचा नव्हता! त्याचा जीव भांड्यात पडला.

मग त्याने मागच्या महिन्याचे रोल काढले. रेघ होती. मागच्या उन्हाळ्यातल्या रोलवरही होती. फोटो छापताना लाल दिव्याच्या अंधुक उजेडात त्याला ती कधी दिसली नव्हती, पण मग एवढ्या दिवसांत एकाही गिऱ्हाइकाने तक्रार कशी केली नाही? त्याने काचेच्या कपाटातले नमुन्याचे फोटो काढून भिंग लावलं. एकेकट्या माणसाचा फोटो तो कॅमेरा उभा धरून काढत असे, आणि त्यात रेघ डाव्या वरच्या कोपऱ्यात, मागच्या नुसत्या पडद्यावर पडायला हवी होती. तिथे आता रेघ नव्हती. कागदाची चकाकी मात्र किंचित उतरली होती. कुणीतरी काळं तेवढं अलगद खरवडून काढलं होतं, कागदाचा पापुद्राही न दुखावता. एका फोटोत नव्हे, प्रत्येक फोटोत. हलूनकाने तोंडात बोट घातलं. वर्षभर ही बाई डोळ्यांत तेल घालून त्याची चूक पुसत होती, आणि तोंडातून अवाक्षर नाही!

शिंप्याचा फोटो त्याने पुन्हा पाहिला. ग्रुप फोटोला कॅमेरा आडवा धरला होता, म्हणून रेघ उजवीकडे सरकली होती. पण डाव्या कोपऱ्यातही, जिथे मुळात काहीच नव्हतं, तिथे ब्लेडचा ताजा पांढरा ओरखडा होता. घाईत झालं असेल, असं त्याने मनाशी म्हटलं.

"अगं, इकडे ये जरा. गंमत दाखवतो."

त्याने रिकाम्या कॅमेऱ्याची पाठ उघडली, फिल्मच्या जागी बटर पेपरचा तुकडा लावला, शटर उघडं ठेवलं आणि कॅमेरा रस्त्याकडे रोखला. दोघांनी काळ्या कापडात डोकी घातली.

कागदावर सगळा रस्ता उतरला होता. उलटा. आभाळ तळाला होतं, दुकानं वरून लोंबत होती, सायकलवाला चाकं वर करून निघाला होता. आणि रंग! आयुष्य काळ्यापांढऱ्यात काढलेल्या हलूनकाला कळेना की एवढासा डबा इतकी वर्षं आपल्या हातात होता, आणि आपण एकदाही आत डोकावलो कसे नाही. कोपऱ्यात ती रेघही होतीच.

"दिसतंय का?"

"दिसतंय की. किती छान!"

"शिंपी काय करतोय बघ."

रस्त्यापलीकडून मशीनची खडखड येत होती. "शिवतोय," ती म्हणाली.

"कसा शिवतोय?"

"कसा म्हणजे? खुर्चीत ताठ बसून."

हलूनकाच्या तोंडचं पाणी पळालं. कागदावर शिंपी तर डोकं खाली करून शिवत होता.

"कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

"झाले बरेच दिवस. रेघ तुमच्या थरथरीमुळे पडते असं वाटायचं हो मला. बोलले असते तर तुम्ही कॅमेराच खाली ठेवला असता. आधी बघून खरवडायचे, मग जागा बोटांना पाठ झाली." थोडं थांबून ती म्हणाली, "चुकलं ना कुठेतरी? शिंपीभावजी ओरडत होते."

"कॅमेऱ्याचीच खोड आहे," तो म्हणाला.

बाहेर येऊन त्याने चिमट्याने चौकटीच्या कडेचा केस ओढून काढला. लांब, अर्धा काळा, अर्धा पांढरा. रोल भरताना कधीतरी पडला असणार.

"काय होतं हो?"

"केस. माझा."

"तुमचा?" ती हसली. "टक्कल पडून जमाना झाला तुम्हाला."

तोही हसला आणि डोळे पुसले. मग तिचा हात धरून त्याने पुन्हा कापड ओढून घेतलं. कागद आता कोपऱ्यापर्यंत स्वच्छ होता. झाड खाली वाढतंय, शिंपी छताला लटकून शिवतोय, एक पोरगी आभाळावरून दोरीच्या उड्या मारतेय, असं तो सांगत गेला आणि ती ऐकत राहिली.

काउंटरवर कुणीतरी नाणं वाजवलं. तो निघू लागला.

"हलू नका," ती म्हणाली. "अजून सांगा."