काय गाळलं आहे?

यशश्रीने फळ्यावर तिसरा प्रश्न लिहिला: बातमीत काय गाळलं आहे? आखातातल्या अल खौदच्या विद्यापीठात ती बातम्या पारखायला शिकवत असे. कोणी सांगितलं आणि त्याला कसं कळलं, हे पहिले दोन प्रश्न पोरांना एव्हाना पाठ झाले होते.

आज पुढ्यात एका गोदामाच्या आगीची बातमी होती.

"मिस," निझवा गावाहून आलेली सफूरा म्हणाली, "यात 'काळजीचं कारण नाही' असं लिहिलंय. कारण नसतं तर लिहिलं कशाला असतं?"

वर्ग हसला. यशश्रीला मात्र पोरीचं कौतुक वाटलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. संगमेश्वरहून धाकट्या भावाचा, प्रशांतचा मेसेज होता.

'ताई, आई सिरियस आहे. मिळेल त्या फ्लाइटने निघ. काळजी करू नकोस.'

आखातातल्या माणसाला घरचं मरण 'सिरियस' याच शब्दात कळवतात. परक्या मुलखात तो एकटा कोसळू नये म्हणून अख्खं गाव एका सुरात खोटं बोलतं. गेल्या वर्षी अल हैलमधल्या घराशेजारच्या ॲम्ब्रोजला विमानतळावर सोडताना यशश्रीही म्हणाली होती, "डॅडी बरे होतील." पण कधी कधी माणूस खरंच नुसता सिरियस असतो, असं तिने स्वतःला बजावलं. आशा वेडी असते, दुसरं काय!

ती व्हरांड्यात आली. तिने प्रशांतला फोन लावला.

"प्रशांत, आई कुठंय?"

"आयसीयूत. मी तिथंच आहे."

"कुठल्या हॉस्पिटलात?"

"इथंच गं, जवळच... तू आधी निघ."

मागून शेजारच्या तात्यांचा खणखणीत आवाज आला. "अरे, बर्फ आणायला कोण गेलंय?"

प्रशांतने घाईघाईने फोनवर हात ठेवला. यशश्री भिंतीला टेकली. बर्फ कशाला, असं विचारलं असतं तर त्याला खोटं रेटता आलं नसतं. तिकडे सगळं एकटाच निभावत होता बिचारा. तिने प्रश्न गिळला.

"तिला सांग, मी येतेय."

"सांगतो," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला.

ती वर्गात परतली.

"मिस, सगळं ठीक ना?" सफूराने विचारलं.

"हो. काळजी करू नकोस."

सफूरा तिच्याकडे बघत राहिली. मग उठून तिने टेबलावरची पर्स यशश्रीच्या हातात दिली, पण शेजारची गाडीची किल्ली स्वतःकडेच ठेवली.

"चला मिस," ती म्हणाली, "गाडी मी चालवते."