कव्हरसकट

मुलाने आईकडून गाडीची किल्ली काढून घेतली ती भांडून नव्हे, अगदी गोडीगुलाबीने. चहाचा कप खाली ठेवला, टेबलावरची किल्ली उचलून स्वतःच्या जुडग्यात ओवली आणि म्हणाला, "आई, आता पुरे. तुला जायचं असेल तिथे मी सोडत जाईन."

"आणि तू कामावर असशील तेव्हा? पडद्यांचे दांडे काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

काकू पडदे शिवायच्या. नुसत्या शिवायच्या नाहीत. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, शिवून झालं की दांड्यांसकट नेऊन टांगून द्यायचे, झोळ नीट पडला की मगच घरी यायचं. सगळी गल्ली त्यांना पडदेवाल्या काकू म्हणायची. गाडी गेली म्हणजे धंदा गेला, आणि धंदा गेला की उरलं काय, तर खुर्चीत बसून लोकांच्या खिडक्या मोजणं. ते काकूंना मरणाहून वाईट वाटत होतं.

मुलाच्या बाजूनेही एक खांब उभा होता. फाटकाचा. थंडीत एका सकाळी गाडी बाहेर काढताना काकूंनी ती त्या खांबाला घासली. आरसा तुटला, दारावर लांबलचक चरा उठला.

"काच धुरकटते रे," काकू सांगून थकल्या. "पुसली की पुन्हा धुरकटते. पंखा लावला तर वारा येत नाही."

मुलाने पंखा लावून पाहिला. पंखा घोंघावत होता. "हा काय, येतोय की आवाज!"

"आवाजाने काच पुसली जाते का?"

पण ऐकतो कोण! डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला, तर चिरंजीव म्हणाले, भिंतीवरची अक्षरं वाचणं वेगळं आणि रस्ता वेगळा. ह्याच पोराला गाडी चालवायला काकूंनीच शिकवलं होतं. बोलणं जिव्हारी लागलं.

त्याहून जास्त लागलं ते नवऱ्याचं. किल्ली जात असताना हे गृहस्थ समोर बसून बिस्कीट चहात बुडवत होते आणि म्हणाले काय, तर "वय होतंच गं माणसाचं."

ह्या गृहस्थांना ओळखीपाळखीचे सगळे जपूनकाका म्हणत. जिभेवर सदान्‌कदा "जपून!" नवी वस्तू घरात आली की तिचं प्लास्टिक काढायचं नाही, हा त्यांचा कायदा. टीव्हीचा रिमोट पिशवीत. गादीवर आलेलं कव्हर तसंच, त्यामुळे रात्री कूस बदलली की भेळेच्या पुड्या सोडल्यासारखा आवाज. गाडीच्या मागच्या सीटवरही कारखान्यातून आलेलं प्लास्टिक अजून जिवंत होतं. उन्हात बसणारा उठताना निम्मा तिथेच राहायचा. काकूंनी ह्या प्लास्टिकशी आयुष्यभर तह केला होता.

काकूंनी गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "वारा कमी म्हणजे आतल्या हवेचा फिल्टर बघा आधी. वर्षातून एकदा बदलायचा. धुळीत फिरत असाल तर त्याच्याही आधी."

"फिल्टरचं नाव काढू नका!" शेजारच्या खोलीतून जपूनकाका गरजले. "थंडीच्या तोंडावर मी माझ्या हाताने नवाकोरा घातलाय. वर्ष व्हायला खूप अवकाश आहे."

"मग तो नसणार," गॅरेजवाला म्हणाला. "गाडीच घेऊन या."

गाडी नेणार कशी? किल्ली मुलाच्या जुडग्यात, मुलगा कामावर. दुसरा कोणी असता तर हात टेकून बसला असता. काकूंनी मात्र पदर खोचला आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"दुसरी किल्ली काढा."

ती किल्ली कपाटात होती, अर्थातच पिशवीत, कधीच न वापरलेली.

"अगं, पण तो काय म्हणेल?"

"चालवणार नाही. नुसती उघडणार आहे. नसेल विश्वास तर या बरोबर, बॅटरी धरा."

काकूंनी कापडाच्या टोपलीतून अस्तराची एक चिंधी घेतली. गाडीत बसून पंखा सगळ्यात जोरात केला आणि चिंधी काचेखालच्या फटीवर धरली. पंखा घोंघावत होता, चिंधी ढिम्म. खिडकीच्या नुसत्या झुळकेनेही जे अस्तर हलायचं, ते मेल्यासारखं लोंबत राहिलं.

"बघितलंत? आता तो फिल्टर कुठे घातलात, दाखवा."

"अगं, तो नवा..."

"नवा असू दे. मला बघायचाय."

जपूनकाकांनी कुरकुरत समोरचा खण रिकामा केला, दोन्ही बाजूंनी दाबून खाली पाडला, आतलं झाकण काढलं आणि फिल्टर बाहेर ओढला. ओढताना आवाज आला. चुरचुर. काकू तो आवाज झोपेतही ओळखत.

फिल्टर खरंच नवाकोरा होता. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बंद.

"हे काढायचं असतं?" जपूनकाकांनी हळूच विचारलं. "मला वाटलं, मळू नये म्हणून दिलंय."

काकूंना आधी हसू फुटलं, मग भडका उडाला, आणि मग डोळ्यांना धार लागली. ह्या एका पिशवीपायी त्यांचे डोळे खोटे ठरले होते. "आणि वर मलाच म्हणालात, वय होतं माणसाचं!"

जपूनकाका बॅटरी धरून तसेच उभे राहिले. बॅटरीचा उजेड पायांवर पडला होता. "त्याला सांगू नकोस," ते म्हणाले. "पडेन म्हणून माझी शिडी नेलीच त्याने. आता पेचकसही नेईल. मग मी दिवसभर करू काय?"

हा प्रश्न काकूंच्या ओळखीचा होता. गेले कित्येक दिवस तो त्यांच्याच उशाशी झोपत होता. त्यांनी डोळे पुसले आणि फिल्टर होता तसा, पिशवीसकट, परत आत सरकवला.

"अगं, हे काय?"

"किल्ली मला परत हवी. मागून नाही, त्याच्या हातून. उद्या सकाळी मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी चांगलाच गारठा होता. काकूंनी मुलाला सांगितलं, एका घरी पडदे टांगायचेत, सोडायला चल. पडदे, दांडे, जपूनकाका, सगळं गाडीत भरलं. मुलाने गाडी सुरू केली. तिघांच्या श्वासांनी काच बघता बघता पांढरी झाली. मुलाने पंखा वाढवला. हाताने पुसली. पुन्हा पांढरी. मान पुढे काढून, नाक काचेला टेकवून त्याने गाडी फाटकापर्यंत कशीबशी आणली आणि खांबाच्या अलीकडे करकचून ब्रेक मारला.

"छे! काही दिसत नाहीये!"

काकू ह्याच वाक्याची वाट बघत होत्या.

"असं?" त्या म्हणाल्या. "वय झालं का रे तुझं? आज संध्याकाळीच जाऊ डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

मुलगा काही बोलायच्या आत त्यांनी समोरचा खण खाली पाडला, फिल्टर ओढून काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. मग काकूंनी पिशवी टरकन फाडली, फिल्टर जागेवर बसवला आणि पंखा जोरात केला. काच खालून वर साफ होत गेली. आधी गाडीचं नाक दिसलं, मग खांब, मग खांबावरचा चरा.

मुलगा बराच वेळ त्या चऱ्याकडे बघत राहिला. मग उखडला. "कोणत्या गाढवाने हा पिशवीसकट बसवला? त्या गॅरेजवाल्याला आत्ता फोन..."

गॅरेजवाल्याचा बळी द्यायचा की नवऱ्याचा, हे काकूंनी रात्री ठरवलं नव्हतं.

"त्याला नको," मागून आवाज आला. "गाढव मागे बसलंय."

मुलाने वळून बापाकडे पाहिलं. जपूनकाकांनी मान खाली घातली नाही. कौतुक वाटावं असं त्या माणसाने बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच काही केलं होतं, आणि काकूंना ते वाटलं.

"पेचकस त्यांच्याकडेच राहील," मुलाने तोंड उघडण्याआधीच काकू म्हणाल्या. "पुढचा फिल्टरही तेच बदलतील. पिशवी मी फाडीन."

गाडी बंद करून मुलगा उतरला. वळसा घालून काकूंच्या दाराशी आला, जुडग्यातून किल्ली सोडवायला लागला. "चुकलं माझं, आई," तो म्हणाला आणि किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. काकूंनी मूठ मिटली.

मुलाला शेजारी बसवून त्या स्टिअरिंगमागे बसल्या, आतला आरसा नीट केला आणि फाटकातून गाडी अलगद बाहेर काढली. खांब वीतभर लांब राहिला. रस्त्याला लागल्यावर मागून चुरचुर ऐकू आली. आरशात पाहिलं, तर जपूनकाका सीटचं प्लास्टिक दोन्ही हातांनी उपटत होते.

"अहो, जपून!" काकू म्हणाल्या.

"आता कसलं जपून," ते म्हणाले आणि टर्रकन पुढचा पट्टा ओढला.