खिडकीकडचा हात

मी एक जुनी झुलती खुर्ची आहे, मित्रांनो. मला खिडकीला चिकटून ठेवलं, तेव्हाच घरातल्या आजींनी बजावलं होतं, "अगं, तिथे नको. दिवसभर ऊन येतं. कापडाचा रंग उडेल."

"उडू दे हो आई," सूनबाई हसली. "खुर्चीला कुठे लग्नात मिरवायचंय?"

मलाही हसू आलं. आम्हा दोघींना काय ठाऊक!

एका सुताराने मला घडवलं. आजींनी आपल्या मुलाला माझ्यावरच झुलवून मोठं केलं. मग माझी रवानगी माळ्यावर झाली, अंगावर ट्रंका आणि कोळ्यांची जाळी. त्याच मुलाला मुलगी झाली, तेव्हा मला खाली उतरवलं आणि माझ्या पाठीवर, हातांवर नवं गडद निळं कापड चढवलं. एवढं भाग्य किती खुर्च्यांच्या वाट्याला येतं?

सूनबाई भारी काळजीची. बाळ शिंकलं तरी तिचा जीव वरखाली. बाळाला पाजणं, थोपटणं, सगळं माझ्यावर बसून. डावा गाल कायम खिडकीकडे.

बाळ पोटात असतानाच तिच्या गालांवर तपकिरी डाग आले होते. "वांग म्हणतात त्याला," आजी म्हणाल्या, "मलाही आले होते, जातील." पण ते गेले नाहीत. डाव्या गालावरचे तर गडद होत चालले. त्यात बाळाला बघायला आलेल्या आत्येसासूबाई म्हणाल्या, "झोपताना तोंड धुतेस ना गं नीट?" त्या दिवसापासून सूनबाई फोटोत येईना. नवऱ्याने फोटोसाठी फोन उचलला की बाळाला पुढे करायची आणि स्वतः मागे मान खाली घालायची.

मग तिच्या मैत्रिणीने एक ट्यूब आणून दिली. "मी कधीची लावते. बघ कशी उजळतेस!"

उजळली खरी. पण पुढे गाल लालेलाल झाले. एक दिवस ट्यूब लावायची राहिली की नुसती आग. एके दुपारी बाळाने लाडाने गालाला गाल घासला आणि तिने कळवळून मान मागे घेतली. बाळ बावरलं, आणि आईच्याच डोळ्यांतून धारा लागल्या.

"ऊठ," आजी म्हणाल्या. "आधी डॉक्टरांकडे चल."

परत आल्यावर ती माझ्यावर बसलीच नाही. समोर उभी राहून नवऱ्याला सांगू लागली, "त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. असं मनाने लावायचंच नसतं, कातडी पातळ होते. आता ती कशी सोडायची, ते डॉक्टरांनी नीट सांगितलंय. त्यांनी विचारलं, उन्हात फिरता का? मी म्हटलं, छे, उंबराही ओलांडत नाही! तर म्हणाल्या, बसता कुठे? काचेतून येणारं ऊनही वांग वाढवतं."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, हे बघ."

माझा उजवा हात निळाच होता. डावा, खिडकीकडचा, पार राखाडी पडला होता. माझा रंग उडवणारं ऊन तिच्या गालावर रंग चढवत होतं!

"मी ओरडून सांगत होते," आजी म्हणाल्या, "पण म्हातारीचं ऐकतंय कोण!" यावर रडता रडता सूनबाईसुद्धा हसली.

मला आतल्या भिंतीशी नेलं. खिडकीला जाड पडदा लागला. आता घरात असली तरी ती सनस्क्रीन लावते, बाहेर जाताना रुंद काठाची टोपी घालते, आणि बाळ अंगावर पितंय हे बघून डॉक्टरांनी दिलेलं मलमच वापरते. महिने गेले. आग थांबली, लाली ओसरली. डाग फिकट झालेत, गेले नाहीत. ते पुन्हा गडदही होऊ शकतात, हे तिला माहीत आहे. तरी ती मान वर करून बसते. माझा एक हात विटला, पण त्यामुळे तिला वेळेवर उमगलं. याहून मोठं काम माझ्या हातून झालं नसतं. मी या घराची ऋणी आहे.

काल माझ्यावर बसूनच तिने त्या मैत्रिणीला फोन लावला. "अगं, तू अजून लावतेस ती ट्यूब? आग होते? खरं सांग... रडू नकोस. उद्या मी येते तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी ताई, मावशी, काकू गुपचूप तोंडाला काहीतरी चोळत असेल. तिला हसू नका. आज तिच्याजवळ जाऊन बसा आणि हळूच विचारा, "हे तुला कुणी दिलं गं? दुखतंय का?"