पांढरं घर

“आमचं घरही लाल करून टाक की गं एकदाचं,” आई फोनवर म्हणाली, जसा काही भिंतीलाच रंग द्यायचा होता.

“आई, लाल मी नाही करत. मीटर करतो.”

“मग सांग की त्या मीटरला. एवढी वर्षं नोकरी करतेस, तुझं काही चालत नाही का तिथे?”

ऑफिसात तिला सगळे रंगारीण म्हणत. डोंगरापलीकडची अणुभट्टी फुटली आणि वाऱ्याने ती विषारी धूळ गावोगाव नेऊन टाकली, तेव्हापासून कॉम्प्युटरवरचे नकाशे रंगवणं हेच तिचं काम. मीटरवाले घरोघर जात, अंगणाच्या मधोमध कमरेच्या उंचीवर किरणोत्सर्ग मोजायचा मीटर धरत आणि आलेला आकडा पाठवत. आकडा मर्यादेच्या वर असला की घर लाल, आणि लाल घरातल्या माणसांना शहरात नवी खोली. खाली असला की घर पांढरं. पांढऱ्यांना काही नाही. ते सुखरूप आहेत, असं वरच्यांचं म्हणणं होतं.

आईची सबंध गल्ली लाल झाली होती. कोपऱ्यावरचं आईचं घर तेवढं पांढरं राहिलं. नकाशावरची लाल हद्दीची रेष त्याला वळसा घालून जायची, आणि तो वळसा रंगारणीने स्वतःच्या हाताने काढला होता. शेजारपाजार उठून गेला. मग दुकान बंद झालं, मग बस. आता आई बोलायला कोणी नाही म्हणून रेडिओवरच्या बातम्यांशी भांडायची. तिथलं घर विकत घ्यायला कोण येणार? आणि लेकीकडे वसतिगृहातली एक कॉट. पाहुण्यांना मुक्कामाची बंदी.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने रेष ओढून घरावर आणलीही. नकाशाने लगेच नवा आकडा मागितला. तिने रेष मुकाट्याने परत ठेवली आणि साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“बाई, आकड्याशिवाय माझेही हात बांधलेले आहेत,” साहेब म्हणाले. मग तिच्या तोंडाकडे बघून जरा विरघळले. “फेरमोजणी लावतो. पण एकदाच हं. पुन्हा शब्द टाकू नका.”

सुट्टीच्या दिवशी ती फाट्यावर उतरून चालत घरी गेली. दोन्ही बाजूंच्या बंद घरांपुढे पाचोळ्याचे ढीग. आईचं अंगण मात्र लख्ख! वरची माती खरवडून काढलेली, फरशा घासलेल्या, पन्हळीतला गाळसुद्धा उपसलेला. तेवढंच एक घर पांढरं कसं, या कोड्याने तिची झोप उडवली होती. त्याचं उत्तर आता समोर होतं.

“हे कधी केलंस?”

“मीटरवाले पहिल्यांदा यायचे होते ना, तेव्हा. चांगली कंबर धरली माझी. तुझ्या हापिसातली माणसं ती! हिच्या आईने घराचा उकिरडा केलाय, असं तिथे जाऊन सांगितलं असतं म्हणजे? चार घमेली घाण मागच्या माळावर नेऊन टाकली. तेव्हापासून रोज झाडते.”

रंगारीण पायरीवर बसली. हसावं की रडावं, तिला कळेना. “आई, त्या घाणीतच सगळं होतं. ती अंगणात असती तर आकडा वर गेला असता.”

आईने घासलेल्या फरशांवरून नजर फिरवली. “म्हणजे मी झाडलं म्हणून मी इथे राहिले?”

“पुन्हा येणार आहेत मोजायला. तोवर काही झाडायचं नाही, धुवायचं नाही. वारा आणेल तेवढी धूळ येऊ दे. पण तू मात्र आत राहा, दार लावून.” स्वतःच्या आईच्या दारात विष साचू दे म्हणताना तिची जीभ अडखळली. “कळलं?”

“कळलं गं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

रंगारणीचा विश्वास बसला नाही. तिने दारामागचा झाडू काखोटीला मारला आणि निघाली. फाट्यावर सगळे तिच्याकडे बघत होते.

महिनाभराने आकडा आला. पहिल्याहूनही कमी. तिने तो पुन्हा पुन्हा वाचला. मग जिन्यात जाऊन फोन लावला.

“झाडू तर मी घेऊन आले होते, आई!”

“झाडू नव्हता म्हणून तर हातांनी वेचलं,” आई म्हणाली. “जुन्या चादरीने फरशी पुसली. तू म्हणालीस तसंच करणार होते बघ. पण सकाळी दार उघडलं आणि... माणसं येणार होती गं इतक्या दिवसांनी. त्यांना त्या घाणीत कशी उभी करू?”

तिला आईवर ओरडायचं होतं.

“मीटरवाला काय म्हणाला, सांगू?” आईचा आवाज उजळला. “म्हणाला, आजी, एवढं स्वच्छ अंगण सगळ्या टापूत नाही. पाणी पिऊन गेला बिचारा. तुमच्या हापिसात काही बोलला का तो?”

“बोलला ना,” रंगारीण म्हणाली. “सगळ्यांना सांगत होता.”

“हो?”

“साहेबांनासुद्धा.”

पलीकडे आई हसली. फोन ठेवून रंगारीण जागेवर येऊन बसली आणि तिने आकडा भरला. या वेळी नकाशाने काहीच विचारलं नाही.